क्रिएटिव्ह डायरेक्टरचा दिवस नेमका जातो कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षं कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहिल्यावर चार महिन्यांपूर्वी मुंबईतल्या एका डिजिटल एजन्सीत तुम्ही क्रिएटिव्ह डायरेक्टर झालात. पाच ब्रँड, सात जणांची टीम. दिवस व्हॉट्सॲपवर ‘चालेल’ आणि ‘लोगो जरा वर घ्या’ लिहिण्यात जातो, सातनंतर तुम्ही स्वतः बसून मुलांच्या ओळी पुन्हा लिहिता, आणि एवढं करून एक क्लायंट म्हणतो, ‘काम नेहमीचंच वाटतंय.’ वेळेचं नियोजन कसं करू, की सरळ परत कॉपीकडे जाऊ, असं तुम्ही विचारलंय.

नियोजन सुधारून हे सुटेल असं मला वाटत नाही. तुमच्या वर्णनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. काम तुमच्यासमोर पहिल्यांदा येतं तेव्हा ते जवळजवळ झालेलं असतं. लेआउट लागलेला, ओळ बसवलेली, आणि सर्व्हिसिंगने, म्हणजे क्लायंट सांभाळणाऱ्या विभागाने, क्लायंटला ‘सहापर्यंत पाठवतो’ असं सांगूनही टाकलेलं. त्या घटकेला तुमच्यापुढे दोनच वाटा उरतात: आहे ते जाऊ देणं किंवा स्वतः दुरुस्त करणं. दिवसा तुम्ही पहिली वाट धरता, रात्री दुसरी. म्हणून काम कधी, म्हणजे कोणत्या टप्प्यावर बघायचं, इथून सुरुवात करू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी गृहीत धरलंय की तुमची एजन्सी मध्यम आकाराची आहे, बहुतेक ब्रँड महिन्याच्या रिटेनरवर, म्हणजे ठरलेल्या मासिक फीवर, आहेत, आणि सोशल पोस्टबरोबर अधूनमधून डिजिटल फिल्मही होतात. पंचवीस माणसांच्या एजन्सीत क्रिएटिव्ह डायरेक्टरला स्वतः लिहावंच लागतं, तिथे खालचं अर्धं लागू नाही. मोठ्या नेटवर्कमध्ये तुमच्या वर ईसीडी (एक्झिक्युटिव्ह क्रिएटिव्ह डायरेक्टर) आणि शेजारी ग्राहकाचा अभ्यास करणारा प्लॅनर असतो, त्यामुळे ब्रीफचं, म्हणजे काय करायचं ते लिहून देण्याचं, ओझं कमी होतं. आणि काम मुख्यतः परफॉर्मन्सचं असेल, म्हणजे एकाच ऑफरच्या चाळीस आवृत्त्या काढून कोणती चालते ते बघायचं, तर तपासणीची पद्धत वेगळी लागते.

आता हिशेब करू. समजा प्रत्येक ब्रँडला महिन्याला १२ पोस्ट आणि ४ रील. पाच ब्रँडांचे मिळून ८० नग. प्रत्येक नग तुम्ही तीनदा बघितला आणि दर वेळी पाच मिनिटं दिली, तर १,२०० मिनिटं, म्हणजे महिन्याला २० तास. ऐकायला फार नाही. पण हे २० तास सलग मिळत नाहीत. ते पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत, मीटिंगच्या मधे, लोकलमध्ये उभ्याने, फोनच्या स्क्रीनवर जातात, आणि त्या पाच मिनिटांत ‘लोगो वर घ्या’ यापलीकडे कोणालाही काही सुचत नाही. शिवाय ८० नगांना समान लक्ष दिलं की एकालाही पुरेसं मिळत नाही.

म्हणून पहिलं काम वाटणीचं. दर ब्रँडमागे महिन्याला चारच नग निवडायचे, ज्यांत तुम्ही कल्पनेपासून असाल. पाच ब्रँडांचे वीस झाले. उरलेले साठ सीनियर कॉपीरायटर आणि सीनियर आर्ट डायरेक्टर यांच्या जोडीने मंजूर करायचे. ते तुम्ही आठवड्यातून एकदा, बाहेर गेल्यानंतर, एकत्र बघायचे. हो, त्यात चार-पाच सुमार पोस्ट सुटतील. आज तुम्ही सगळं बघत असतानाही सुटतच आहेत.

त्या वीस नगांना मी तीन वेळा बघते, आणि प्रत्येक वेळी वेगळं काहीतरी बघते. काम पाच दिवसांचं असेल तर पहिली बैठक ब्रीफनंतरच्या दुसऱ्या दिवशी. त्यात फक्त कागद. दहा-बारा कल्पना, प्रत्येकी दोन ओळी, लॅपटॉप बंद, रेफरन्सची चित्रं नकोत. रेफरन्स आला की सगळे त्या चित्राबद्दल बोलू लागतात आणि कल्पना आहे की नाही हे कळायचंच राहतं. वीस मिनिटांत दोन किंवा तीन निवडायच्या आणि का निवडल्या ते तिथेच सांगायचं. दुसरी बैठक तिसऱ्या दिवशी: मुख्य ओळ, आणि पेन्सिलचं स्केच किंवा एक कच्ची फ्रेम. इथे मांडणी, सूर आणि लांबी ठरते. तिसरी पाचव्या दिवशी सकाळी, दहा मिनिटांची. तिच्यात फक्त चुका बघायच्या: शुद्धलेखन, किंमत, तारीख, लोगोभोवतीची मोकळी जागा, मापं.

तिसऱ्या बैठकीचा एक नियम मी मोडू देत नाही, स्वतःलाही नाही. तिथे कल्पना बदलायची नाही. पाचव्या दिवशी कल्पना आवडेनाशी झाली, तर तो दोष पहिल्या बैठकीतल्या माझ्या निवडीचा, टीमचा नाही. काम चुकीचा दावा करत असेल किंवा कुणाला दुखावणारं असेल तर थांबवायचं, एरवी जाऊ द्यायचं. हे कडक वाटेल. पण शेवटच्या दिवशी कल्पना उलटते हे टीमच्या एकदा लक्षात आलं, की पुढच्या वेळी ती पहिल्या बैठकीत जीव ओतत नाही. आणि ज्या आर्ट डायरेक्टरने एका लेआउटवर सहा तास घातलेत तो त्या लेआउटची बाजू लढवणारच, त्यात त्याची चूक नाही. दोन ओळींच्या कल्पनेवर कोणाचा एवढा जीव अडकलेला नसतो. म्हणून नकार तिथे स्वस्त पडतो.

या बैठकांसाठी दिवसाच्या दोन खिडक्या ठेवा. साधारण ११ ते १२.३० आणि ४.३० ते ५.३०. अकराच्या आधी मुंबईत निम्मी टीम ट्रेनमध्ये असते आणि साडेबारानंतर क्लायंटचे कॉल सुरू होतात. साडेपाचनंतर काहीही मंजुरीला येऊ देऊ नका, कारण त्यानंतर निघालेली दुरुस्ती हमखास रात्री नऊला जाते. सर्व्हिसिंगला हे आवडणार नाही. त्यांना एवढंच सांगा की क्लायंटला वेळ कबूल करण्याआधी पुढची खिडकी कधी आहे ते बघा. मंजुरी व्हॉट्सॲपवर देणं पूर्ण बंद करा. साधी शेअर केलेली शीट पुरते: एका कामाला एक ओळ, कोणत्या टप्प्यावर आहे, कोणाकडे आहे, शेवटची सूचना काय. ग्रुपवरच्या मंजुरीत कोणती फाइल मंजूर झाली हे तीन दिवसांनी कोणालाच सांगता येत नाही, आणि जुनी किंमत छापून जाते ती अशीच.

सूचना कशी द्यायची, यावर जरा थांबते. ‘लोगो मोठा करा’ हा उपाय आहे. ‘दुसऱ्या सेकंदापर्यंत जाहिरात कोणाची ते कळत नाही’ ही अडचण आहे. अडचण सांगितली तर आर्ट डायरेक्टर कदाचित लोगो तेवढाच ठेवून ब्रँडचा रंग आधी आणेल, जे तुम्हाला सुचलंही नसतं. उपाय सांगितला तर तो लोगो मोठा करेल आणि पुढच्या वेळीही तुम्ही सांगण्याची वाट बघेल. दुसरं म्हणजे सूचनेवर शिक्का मारा: चूक, शंका की आवड. चूक सुधारलीच पाहिजे. शंकेचं उत्तर दिलं की पुरे, बदल करावाच असं नाही. आवड सोडून दिली तरी चालेल. हे वेगळं केलं नाही तर कनिष्ठ माणूस तुमच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द हुकूम मानतो, आणि तुमच्या ‘निळा जरा थंड वाटतो’वर कोणीतरी दोन तास घालवतं.

रात्री ओळी पुन्हा लिहिण्याबद्दल. तुम्ही नऊ वर्षं लिहिलंय, तुमची ओळ चांगली असणारच. तरी काम तासाभरात जाणार असेल तेव्हाच हे करा, आणि केलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून नेमकं काय बदललं आणि का, ते लिहिणाऱ्याला पाच मिनिटांत सांगा. गुपचूप बदललेली ओळ दुहेरी नुकसान करते. लिहिणाऱ्याला वाटतं त्याचीच ओळ गेली, किंवा त्याला कळतं की काहीही लिहिलं तरी ताई रात्री बघून घेतात. दोन्हीत तो शिकत नाही.

ब्रीफकडे येऊ. ‘काम नेहमीचंच’ याचं मूळ निम्म्या वेळा इथे असतं. क्लायंटचा ईमेल जसाच्या तसा पुढे ढकलला, त्याला ब्रीफ म्हणू नका. एका पानावर एवढं हवं: कोणाशी बोलतोय, त्याला आज काय वाटतं, आपल्याला एकच कोणती गोष्ट सांगायची आहे, ती खरी असल्याचा पुरावा काय, कुठे आणि कोणत्या मापात दिसणार, पैसे किती, तारीख कोणती. ‘१८ ते ३५, शहरी, महत्त्वाकांक्षी’ असं लिहिलेलं ब्रीफ मी परत पाठवते, कारण त्यात अर्धा देश बसतो. दुचाकीच्या कर्जाचं उदाहरण घ्या. ‘ब्रँडची ओळख वाढवायची’ यातून हसऱ्या जोडप्याचं पोस्टर निघतं. ‘रिक्षावाला, पानवाला, घरी डबे करणारी बाई यांना वाटतं की पगाराच्या स्लिपशिवाय कर्ज मिळत नाही, आम्ही बँक स्टेटमेंटवर देतो’ यातून काहीतरी निघू शकतं. हे दुसरं वाक्य शोधायला क्लायंटच्या सेल्सच्या माणसाशी अर्धा तास बोलावं लागतं. तो अर्धा तास तुम्ही स्वतः द्या.

ब्रीफमध्ये आणखी एक रकाना हवा, जो जवळपास सगळे विसरतात: शेवटची सही कोणाची. ब्रँड मॅनेजरने दोनदा होकार दिला आणि तिसऱ्यांदा मार्केटिंग हेडने काम पहिल्यांदाच बघितलं, की सगळं शून्यावर येतं. सही ज्याची, त्याने कल्पनेच्या टप्प्यावर एकदा बघितलंच पाहिजे, पंधरा मिनिटांच्या कॉलवर का होईना. क्लायंटच्या सूचना एकाच माणसाकडून, एकाच दस्तऐवजात, शक्यतो ४८ तासांत मागवा. करारात सुधारणांच्या दोन फेऱ्या लिहिलेल्या असतात आणि पाचव्या फेरीचंही बिल लागत नाही, हे मला माहीत आहे. तरी प्रत्येक फेरी शीटवर नोंदवा. रिटेनर नव्याने ठरतो तेव्हा ती नोंद तुमच्या बाजूने बोलते.

आणि क्लायंटसमोर दोनच पर्याय न्या. तिसरा भरतीचा असतो, आणि नेमका तोच निवडला जातो.

‘नेहमीचंच’ म्हणणाऱ्या त्या क्लायंटसाठी एक तपासणी सुचवते. गेल्या तीन महिन्यांच्या सगळ्या पोस्ट एका पानावर छोट्या करून लावा आणि लोगो झाका. शेजारी दोन प्रतिस्पर्ध्यांच्या तशाच पोस्ट, लोगो झाकून. टीमबाहेरच्या कोणालातरी विचारा, कोणती कोणाची. ओळखता आल्या नाहीत तर दोष एकेका पोस्टचा नसतो. ब्रँडला स्वतःचा रंग, अक्षर, फोटोची चौकट, बोलण्याची ढब आणि आवाज ठरवून दिलेला नसतो. ते आधी ठरवा, चार-पाच गोष्टी पुरतात. ओळखता आल्या आणि तरी क्लायंट कंटाळला असेल, तर मग कल्पना एकसुरी आहेत, आणि त्याचं उत्तर वरच्या पहिल्या बैठकीत आहे.

याच पानावर ‘दिनविशेष’ पोस्ट किती आहेत तेही मोजा. मातृदिन, चहादिन, योगदिन, मैत्रीदिन. माझं मत स्पष्ट आहे: उत्पादनाशी थेट संबंध नसलेल्या दिवसाची पोस्ट बघायला कोणीही थांबलेलं नसतं. तीन-चार काढून त्या वेळात एक रील नीट करू, असा प्रस्ताव द्या. बातमीवर स्वार होणाऱ्या पोस्टला तर धोकाही आहे. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पी. व्ही. सिंधूने कांस्यपदक जिंकल्यावर तिच्याशी करार नसलेल्या अनेक ब्रँडांनी तिचं नाव आणि छायाचित्र लावून अभिनंदन केलं, आणि तिचं काम बघणाऱ्या कंपनीने त्यांच्यावर कायदेशीर कारवाईचा पवित्रा घेतला. अभिनंदनाच्या पोस्टवर ब्रँडचा लोगो आला की ती जाहिरात ठरू शकते.

आता फिल्म. इथे डिजिटल एजन्सीचे सर्वांत जास्त पैसे आणि रात्री वाया जातात, म्हणून सविस्तर लिहिते.

स्क्रिप्ट तीस सेकंदांची लिहायची आणि शूटनंतर एडिटरला सांगायचं, ‘यातून सहा सेकंदांचं काढ’, ही पद्धत अजून सर्रास चालते. यूट्यूबची बंपर जाहिरात, म्हणजे वगळता न येणारी छोटी जाहिरात, जास्तीत जास्त सहा सेकंदांची असते. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने १५० फ्रेम. शेवटी उत्पादन आणि लोगोला दीड सेकंद दिला तर गोष्टीला साडेचार उरतात. त्यात दोन, फार तर तीन शॉट बसतात, आणि मराठीत स्पष्ट म्हणायचे असतील तर बारा-तेरा शब्द. तीस सेकंदांच्या गोष्टीत प्रस्तावनेलाच एवढा वेळ जातो. त्यामुळे सहा सेकंदांची स्क्रिप्ट स्वतंत्र लिहा, तिचे दोन शॉट कॉल शीटवर, म्हणजे शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकावर, स्वतंत्र टाका आणि पहिल्या सत्रात घ्या, दिवस उतरताना नाही. वगळता येणाऱ्या जाहिरातीत ‘स्किप’ पाच सेकंदांनी येतो. तिथे पाच सेकंदांच्या आत ब्रँड आणि गोष्टीची गाठ दोन्ही दिसली पाहिजेत, एरवी ब्रँड न दाखवताच लोक निघून जातात.

उभी चौकट. आडव्या ४के फुटेजमधून, म्हणजे ३८४० गुणिले २१६० मधून, ९:१६ चा उभा तुकडा कापला तर १२१५ गुणिले २१६० मिळतो. रीलला १०८० गुणिले १९२० लागतं, म्हणजे जमतं. तेच फुटेज १९२० गुणिले १०८० चं असेल तर उभा तुकडा जेमतेम ६०७ पिक्सेल रुंद येतो आणि ताणल्यावर फाटतो. तेव्हा कोणत्या रिझोल्यूशनला शूट होतंय हे पीपीएमलाच, म्हणजे शूटआधीच्या बैठकीतच, विचारा. पण पिक्सेल पुरले तरी दोन माणसं फ्रेमच्या दोन टोकांना बसलेली असतील तर उभ्या चौकटीत मधला सोफा तेवढा येतो. मॉनिटरवर दोन्ही चौकटींच्या रेषा लावायला सांगा, आणि कोणती चौकट मुख्य हे आधीच ठरवा. दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या असं दिग्दर्शकाला सांगणं म्हणजे निर्णय त्याच्यावर ढकलणं.

रीलच्या जाहिरातीत अक्षरं कुठे ठेवायची याचं मेटाचं सांगणं असं: वरचे १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६ टक्के मोकळे ठेवा, कारण तिथे खात्याचं नाव, कॅप्शन आणि बटणं येतात. १९२० उंचीतून वरचे साधारण २७० आणि खालचे ६७० गेले, की अक्षरांसाठी जेमतेम ९८० पिक्सेल उरतात. ऑफरची ओळ खालच्या तृतीयांशात लिहिणाऱ्या आर्ट डायरेक्टरला हे आकडे एकदा कागदावर लिहून द्या.

मग येतात अडॅप्ट, म्हणजे मूळ फिल्मच्या वेगवेगळ्या लांबीच्या, मापांच्या आणि भाषांच्या आवृत्त्या. एक फिल्म, चार लांब्या, तीन मापं, आठ भाषा: ९६ फाइली. किमतीत शेवटच्या दिवशी बदल झाला की ९६ पुन्हा. म्हणून मूळ फिल्म सगळ्या सह्यांनिशी पक्की झाल्याशिवाय एकही अडॅप्ट सुरू करू देऊ नका, आणि किंमत, तारीख, अटी शेवटच्या वेगळ्या फ्रेमवरच ठेवा, म्हणजे बदल तेवढ्या फ्रेमचाच राहतो. फाइलच्या नावात ब्रँड, मोहीम, भाषा, सेकंद, माप आणि आवृत्तीचा आकडा, याच क्रमाने. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात बंद.

देवनागरीचं दुखणं वेगळं. इलस्ट्रेटरमध्ये किंवा फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत दक्षिण आशियाई लिपींची सेटिंग लावलेली नसेल, तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला जाऊन बसते. वर्ड फाइल बरोबर असते, तपासणारा तीच तपासतो, आणि चूक होते ती पुढे, सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून तमिळ, बांगला, मराठी, काहीही असो, त्या भाषेच्या माणसाने रेंडर झालेला व्हिडिओ बघूनच सही द्यायची. जुन्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवू नका, तो बदलून घ्यावा लागतो. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून वेगळे दिसतात. बऱ्याच फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण भाषा मराठी निवडली तरच मराठी रूप येतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीसारखं ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात; मी अक्षराच्या आकाराच्या १३० ते १४० टक्के ठेवायला सांगते. फुकट पण नीट बांधलेले फॉन्ट हवे असतील तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’, ‘बलू’ आणि इतर अनेक फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आहेत.

हिंदी फिल्मचं मराठी डबिंग करताना लिहिणाऱ्याला चित्र दाखवूनच लिहायला लावा. ओठ मिटतात तिथे प, ब, म असा एखादा वर्ण पडला तर डोळ्यांना खटकत नाही. महाराष्ट्र हीच मुख्य बाजारपेठ असेल तर मुळात मराठीत लिहा. पुण्याच्या घरात हिंदी वाक्यरचनेत बोलणारी आई लगेच उघडी पडते.

कायद्याचा भाग क्लायंटच्या लीगलवर सोडून चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं जाहिरात एजन्सीलाही लागू आहेत. त्यांनुसार खुलाशाची ओळ मूळ दाव्याच्याच भाषेत हवी. मराठी अडॅप्टखाली इंग्रजी अटी तशाच राहणं हा नेहमीचा घोटाळा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नवरच्या, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीवरच्या, नियमांत खोटी घाई येते, तेव्हा ‘फक्त २ शिल्लक’ लिहिण्याआधी खरंच दोन शिल्लक आहेत का ते विचारा. इन्फ्लुएन्सरच्या व्हिडिओत जाहिरात असल्याचं लेबल लागतं. ॲस्कीच्या, म्हणजे जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन संस्थेच्या, नियमानुसार १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ते किमान तीन सेकंद, आणि त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ दिसलं पाहिजे. गाणं वापरायचं तर रचनेचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे. दुसऱ्याकडून गाऊन घेतलं तरी रचनेची परवानगी सुटत नाही. ‘सगळे वापरतायत’ हे ट्रेंडिंग गाण्याबाबत ब्रँडच्या कामी येणारं उत्तर नाही.

आकडे बघा, पण मोजके. आठवड्यातून अर्धा तास मीडियाच्या, म्हणजे जाहिरात कुठे दाखवायची ते बघणाऱ्या, माणसाबरोबर बसा. तीन सेकंद थांबलेल्यांचं प्रमाण सुरुवात कशी आहे ते सांगतं. २५, ५०, ७५ टक्क्यांपर्यंत पोहोचलेल्यांचा उतार गोष्ट कुठे सुटली ते दाखवतो. क्लिक बऱ्याचदा ऑफरबद्दल बोलतात, कल्पनेबद्दल कमी. बंपरचे आकडे वगळता येणाऱ्या जाहिरातीशेजारी ठेवू नका: जिथे वगळताच येत नाही तिथे ‘पूर्ण बघितली’चा आकडा मोठाच येणार.

एआयबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. स्टोरीबोर्ड आणि मूडसाठी खुशाल वापरा, दोन दिवस वाचतात. अंतिम कामात घालण्याआधी क्लायंटच्या करारात काय लिहिलंय ते बघा, आणि चित्रातली देवनागरी अक्षरं वेगळी टाइप करूनच घ्या. पुरस्कारांच्या प्रवेशिका सध्या सोडून द्या. केस फिल्म, म्हणजे परीक्षकांना मोहीम समजावणारी फिल्म, बनवण्यात महिना जातो आणि तुमची टीम आत्ता त्या स्थितीत नाही.

उरला परत कॉपीकडे जाण्याचा प्रश्न. यात कमीपणा काही नाही. चांगली लिहिणारी माणसं या खुर्चीत सुकतात हेही खरं आहे. पण आत्ता ठरवू नका, कारण तुम्हाला अजून हे काम करायला मिळालेलंच नाही. तुम्ही चार महिने मंजुरीचा कारकून आणि रात्रीचा कॉपीरायटर आहात. एक तिमाही वरच्या पद्धतीने काढा. त्यासाठी वरिष्ठांकडे तीन मागण्या घेऊन जा: पाचऐवजी तीन ब्रँड, किंवा पाच ठेवायचे तर एक जास्तीचा सीनियर कॉपीरायटर; साडेपाचनंतर मंजुरी नाही, हे सर्व्हिसिंगच्या प्रमुखासमोर कबूल व्हावं; आणि एक ब्रँड असा, ज्यावर तुम्ही स्वतः लिहाल. बोलायला जाताना ८० नगांचा हिशेब आणि सुधारणांच्या फेऱ्यांची नोंद छापून न्या. ‘खूप काम आहे’ असं सगळेच म्हणतात, शीटला उत्तर द्यावं लागतं.

तिन्ही मागण्या नाकारल्या गेल्या तर प्रश्न तुमच्या पदाचा राहत नाही, त्या एजन्सीच्या माणसांच्या गणिताचा होतो, आणि तिथेच कॉपीकडे परत गेलात तरी रात्री नऊ वाजणारच. मग बाहेर बघा. मुलाखतीला जाताना तुम्ही लिहिलेलं आणि तुमच्या हाताखाली झालेलं काम वेगवेगळं मांडा, प्रत्येकावर तुमचा भाग एका ओळीत. कारण क्रिएटिव्ह डायरेक्टर निवडणारा पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतो, की यात तुम्ही काय नाकारलं आणि का. आत्तापासून पहिल्या बैठकांचे कागद जपून ठेवा. न निवडलेल्या कल्पनांसकट.